इतिहास प्रदर्शनाचं पॅनल वाचलं जात नाही? या चुका टाळा

पॅनल (माहितीचा फलक) पास होतं खुर्चीत बसून, झगझगीत स्क्रीनवर. लोक ते वाचतात उभ्याने, मंद उजेडात. निम्म्या चुकांचं मूळ इथेच आहे.

जुने कागद आणि कापड जपायचं म्हणून दालनात प्रकाश बऱ्याचदा 50 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात. त्यात ‘जुना काळ’ वाटावा म्हणून तपकिरी पार्श्वभूमी आणि तिच्यावर बदामी अक्षरं घेतली की मजकूर गायब! कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, निदान 4.5:1 हवा. हा निकष वेबसाइटचा आहे, त्यामुळे दालनात त्याहून चढाच ठेवा. मजकुरामागे जुन्या पत्राचा फोटो टाकू नका. लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसीवर दिव्याची तिरीप पडते आणि नेमकी तीच ओळ वाचता येत नाही.

ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशोबाने ठेवलं, तर वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटली, तर फाँट बदलण्याआधी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडलाय का ते बघा. छपाईला देताना अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, पण प्रूफ (तपासणीची प्रत) वाचून झाल्यावरच. नंतर एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तरी मूळ फाइल उघडावी लागते.

कालरेषेची चूक दिसायला किरकोळ, पण इतिहासच चुकीचा सांगते. 1914, 1918 आणि 1939 समान अंतरावर मांडली, की 4 वर्षांचं महायुद्ध आणि पुढची 21 वर्षं डोळ्यांना सारखीच वाटतात. अंतर वर्षांच्या प्रमाणातच ठेवा. जागा पुरत नसेल, तर रेषा तोडल्याची खूण स्पष्ट दाखवा.

नकाशात एक सैन्य लाल, दुसरं हिरवं? हे दोन रंग वेगळे न ओळखणारे बरेच असतात, विशेषतः पुरुषांत. एका बाजूला तिरप्या रेघा भरा आणि नावं थेट नकाशावर लिहा. कृष्णधवल फोटो रंगवला असेल, तर तसं खाली नमूद करा.

व्हीलचेअरवरच्या माणसाची नजर साधारण 110 ते 125 सेंटीमीटरवर असते, तेव्हा बारीक मजकूर डोक्याच्या वर नको.

ऑर्डर देण्याआधी एक पॅनल साध्या कागदावर खऱ्या मापात छापून दालनातच चिकटवा, प्रदर्शनाचेच दिवे लावा आणि चाळिशी लागलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. मजकूर मावत नसेल तर शब्द कापा, अक्षरं बारीक करू नका.