ओव्हर देताना आवाज खाली ठेवा: वॉर्डात पहिल्यांदा येणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींसाठी

जीएनएम असो की बीएस्सी, घरगुती हिंसाचारावरचं एखादं लेक्चर तुमचं झालेलं असतं. २००५ चा कायदा, १८१ हेल्पलाइन, बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत सुरू करायची एचआयव्ही प्रतिबंधक औषधं, हे सगळं परीक्षेपुरतं पाठ असतं. ते पुन्हा उगाळत नाही. घोळ होतो तो ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं, आणि कागदांपाशी.

मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. एका विद्यार्थिनीने फार छान काम केलं होतं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणून दाखल झालेली बाई, पण दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वण. ड्रेसिंगच्या निमित्ताने सासूला बाहेर पाठवून हिने विचारलं, “ताई, घरी कुणी हात उचलतं का?” बाई बोलली. हिने मध्ये न तोडता ऐकलं. आणि दुपारी ओव्हर देताना त्याच बेडशेजारी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, “बेड नऊ, असॉल्ट बाय हजबंड.” सासू स्टुलावर बसून डबा उघडत होती. इंग्रजी येत नसलं तरी ‘हजबंड’ सगळ्यांना कळतं. संध्याकाळी बाईने डिस्चार्ज मागितला. “मी पडलेच होते,” म्हणाली.

म्हणून परत परत सांगते: बेडपाशी फक्त बीपी, सलाईन, ड्रेसिंग. बाकीचं नर्सिंग स्टेशनवर, तेही ज्यांना माहीत असणं गरजेचं आहे त्यांनाच. बेडच्या चार्टवर नको, एक्स-रेच्या चिठ्ठीवर नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत नेमकं हेच बजावलंय. डिस्चार्ज कार्ड बहुतेक वेळा नवऱ्याच्याच खिशात जातं, हेही लक्षात ठेवा. याचा अर्थ लिहूच नका असा नाही. आतल्या केसपेपरवर तिचे शब्द तिच्याच भाषेत, जखमेची जागा, आकार, रंग, सगळं आलं पाहिजे. पुढे कोर्टात तेच उपयोगी पडतं. हेल्पलाइनचा कागद देण्याआधी विचारा, “हा घरी नेला तर चालेल का?” फॉलोअपचा फोन कुणी उचलेल, तेही विचारा.

‘दोन लेकरं आहेत, जुळवून घे’ म्हणणारी सिस्टर प्रत्येक वॉर्डात भेटेल. इंजेक्शन तिच्याकडून जरूर शिका, हे मात्र नाही. आम्ही शिकत असताना ‘घरगुती मामल्यात पडायचं नाही’ एवढंच ऐकलं, ते अजून टोचतं. एका दिवसाच्या सर्टिफिकेटवाल्या कार्यशाळांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा समुपदेशकाशेजारी गप्प बसून पाहा. मुंबईत असाल तर ‘दिलासा’ या हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या समुपदेशन केंद्रात परवानगी काढा. महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं आणि आता ते इतर पालिका रुग्णालयांतही आहे. बाहेर असाल तर सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अशा बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, गाठा.

घाबरू नका. तिचा संसार सावरणं किंवा मोडणं तुमचं काम नाही. तिने काहीच सांगितलं नाही तरी तुम्ही नापास होत नाही. तिला पोलिसांत तक्रार करायची नसली तरी उपचार अडवता येत नाहीत, एवढं मात्र ठाम माहीत हवं. आणि तो टू-फिंगर टेस्टचा प्रकार, म्हणजे बलात्काराच्या केसमध्ये योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी, कुणी अजून ‘रूटीन’ म्हणालं, तर त्याला मनाई करणारा २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा, समोर कोणी का असेना.

वर्गात या सगळ्याचा रोल-प्ले कराल तेव्हा त्यात सासू नक्की ठेवा, तिच्याशिवाय सराव खोटा. आणि तुमच्याच घरी हे चालू असेल तर त्या तासाला बाहेर बसा. माझ्या वर्गात मी कारण विचारत नाही.