जुनी लष्करी जीप: आधी कागद, मग चॅसी, रंग सगळ्यात शेवटी

लष्करातून बाहेर पडलेली जीप घ्यायची म्हटलं की मन आधी रंगाकडे धावतं. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. गाडीचं खरेपण चॅसीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, मूळ सुट्या भागांत आणि कागदांत असतं, आणि रंगाबद्दल तर आपल्या देशात कायद्याचंही म्हणणं आहे. हा क्रम पाळला तर काम वर्षानुवर्षं चाललं तरी भरकटत नाही.

कोणती गाडी घ्यावी

आपल्याकडे छंदासाठी सांभाळता येतील अशा मुख्यतः तीन गाड्या आहेत. पहिली दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि तिची जुळी फोर्ड जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या आणि युद्धानंतर त्यातल्या काही इथेच राहून खासगी हातांत गेल्या. दुसरी उंच बॉनेटची महिंद्रा सीजे-३बी. तिसरी जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या आराखड्यावर तयार झालेली जोंगा. ही देखणी आणि दणकट आहे, पण सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं इंजिन पेट्रोल फार पितं.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने सीजे-३बी घ्यावी. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या दुकानांत फिरलं की तिच्यासाठी काही ना काही हाती लागतं, आणि तिचं इंजिन उघडलेले जुने फिटर अजून भेटतात. तिला कमी लेखू नये. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेनेच.

कागद

शक्यतो आधीच आरटीओत नोंद असलेली, चालू आरसी बुक असलेली गाडी घ्या. लष्कराकडून लिलावात निघालेली गाडी पहिल्यांदा नोंदवायची तर संबंधित लष्करी अधिकाऱ्याचं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, लागतं. ते नसेल तर गाडी कितीही चांगली दिसो, हात लावू नका. लिलावात बोली लावण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन ही गाडी नोंदवून मिळेल का, हे विचारून घ्या.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षं टिकते, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

इंजिन नंबर आणि चॅसी नंबर स्वतः घासून पाहा आणि आरसीशी ताडून घ्या. बऱ्याच जीपना मागे कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं असतं. त्याची आरसीवर नोंद नसेल तर पुढे प्रत्येक टप्प्यावर अडचण येते.

पाहणी

विलीज म्हणून विकायला आलेली गाडी कित्येकदा तीन-चार गाड्यांचे भाग जोडून उभी केलेली असते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सैन्याच्या वर्कशॉपमध्येही भाग असेच अदलाबदल होत. पण किंमत ठरवताना ते कळायला हवं. रेडिएटरखालचा चॅसीचा आडवा भाग बघा. तो गोल पाइप असेल तर चॅसी विलीजची, आणि उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवलेलं असतं. युद्धकाळातल्या जीपच्या पुढच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपना सात.

मग लोहचुंबक घेऊन टबभोवती, म्हणजे चॅसीवरच्या पत्र्याच्या बॉडीभोवती, फिरा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. टबाला नवा पत्रा लावता येतो, पण चॅसी तडकलेली, वाकलेली किंवा स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगतात त्या हँगरपाशी गंजलेली असेल तर दुसरी गाडी शोधा.

उकलताना

एक नट सोडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी.

काही बाबतींत जिवाचा प्रश्न असतो. युद्धकाळातल्या जीपची चाकं दोन अर्ध्या रिमा बोल्टने जोडून केलेली असतात. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या जोडाचे नट सैल केले तर रिम उडून माणूस मरू शकतो. टायरवाल्याला हे स्वतः सांगा, कारण आताच्या मुलांनी अशी रिम पाहिलेली नसते. जुन्या ब्रेक लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रम हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याचा संभव फार.

कामाचा क्रम

चॅसी, ब्रेक, स्टेअरिंग, मग इंजिन, वायरिंग, पत्रा. इंजिन सुरू झालं की गाडी पळवून पाहायचा मोह होतो, म्हणून ब्रेक आधी. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि सगळे पाइप नवे टाका.

वर्षानुवर्षं पडून असलेलं इंजिन सेल्फ मारून फिरवू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या आणि मग क्रँक हँडलने हाताने हळूहळू फिरवा. विलीजच्या २.२ लिटर इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये असतात आणि ते अडकून बसण्याची शक्यता दाट. जबरदस्ती केली तर साधं काम मोठं होतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

युद्धकाळातल्या जीपची वायरिंग सहा व्होल्टची आहे. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबल जाड हवी आणि अर्थिंग घासून स्वच्छ. इंजिन जड फिरतं अशी तक्रार असलेल्या अनेक जीपना बारा व्होल्टची बारीक केबल लावलेली सापडते.

आता इथेनॉल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या फ्युएल पंपाचा पडदा, रबरी नळ्या आणि कॉर्कची गॅस्केट त्याने खराब होतात. हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घाला. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि विलीजची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिच्या गंजाकडे दुर्लक्ष करणं बरं नव्हे.

गाडी रस्त्यावर आली की डांबरावर फोरबाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण साठून गिअरकेसवर येतो. ताशी ५०-६० किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग.

रंग

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. वर जाणाऱ्या बाणाची लष्करी नंबर प्लेटही आपली नाही. हे बंधन मला योग्य वाटतं. सैन्याची गाडी रस्त्यावर ओळखू येणं ही सुरक्षेची बाब आहे.

मग रंग कोणता द्यावा? डॅशबोर्डच्या मागे किंवा टूलबॉक्सच्या आत छोटा चौकोन ओल्या पॉलिश पेपरने थर-थर घासा. खालून हिरवा निघेल, त्यावर कदाचित करडा, निळा, एखाद्या शेतमालकाने मारलेला लाल. इथल्या बहुतेक जीपनी सैन्यापेक्षा जास्त वर्षं गावात, खाणीत, साखर कारखान्यात काढली आहेत. तो काळही तिचाच आहे. त्यातला एखादा रंग निवडा, आरसीवर नोंदवा, आणि तो घासलेला चौकोन तसाच राखा.

लोकांसमोर मांडताना

शेजारी एक फलक लावा. कोणते भाग मूळ, कोणते नंतरचे, कोणते आपण नवे केले, ते स्पष्ट लिहा. ‘ही गाडी अमुक लढाईत होती’ असं पुरावा नसताना कधीही लिहू नका, तो त्या लढाईत गेलेल्यांचा अपमान आहे. नकली मशीनगन बसवू नका, लष्करी गणवेश चढवून उभे राहू नका. पोलिसांचा प्रश्न आहेच, शिवाय तो गणवेश कमवावा लागतो. लष्करी वाहनं कशी मांडतात ते पाहायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय सवडीने बघा.

मुलांना आत बसू द्या. फक्त त्याआधी चाकांना चारही बाजूंनी ठोकळे लावा, बॅटरीचं टर्मिनल काढा, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा. एखादे माजी सैनिक थांबून बोलू लागले तर त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, तारीख आणि युनिट विचारून लिहून ठेवा.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, टबाच्या तळातली पाणी जायची भोकं मोकळी करा, आणि प्लॅस्टिकऐवजी हवा खेळेल असं कापडी आच्छादन घाला. पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवायचं असेल तर टाकीत तेवढंच पेट्रोल ठेवा.