राधानगरीत गवे मोजताना या चुका टाळा

दाजीपूर-राधानगरीत गवा दिसतो तो बहुधा सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, आणि मोजणी तिथेच फसते. सांजेला कळप उघड्यावर चरायला येतात. तीच घनता दाट झाडीलाही लावली की 351 चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर गव्यांनी भरून जातं. सडा आणि जंगल यांचे ट्रान्सेक्ट, म्हणजे चालत पाहणी करायच्या सरळ रेघा, वेगळे आखा, हिशेबही वेगळा ठेवा. जीपचा रस्ता म्हणजे ट्रान्सेक्ट नव्हे.

बुद्धपौर्णिमेची पाणवठ्याजवळच्या मचाणावरची प्रगणना हौशी मंडळींना जंगल दाखवायला उत्तम. संख्येचा कल मात्र तिच्यावरून काढू नका. इथे मे महिन्यातही झरे असतात, धरणांचं पाणी असतं. त्यात आदल्या दिवशी वळीव कोसळला की पाणवठे ओस पडतात. गवे घटलेले नसतात, डबकी वाढलेली असतात.

सर्वाधिक घोळ अंतरात होतो. कळप दिसताच रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, पहिल्या दिसलेल्या जनावरापर्यंतचं नको. होकायंत्राने रेघेशी होणारा कोन घ्या. 60 मीटर आणि 30 अंश असेल तर लंब अंतर, म्हणजे रेघेपासून काटकोनात मोजलेलं, 30 मीटर. 'समोरच आहे की' म्हणत कोन शून्य लिहिला की पाहणीचा पट्टा खोटाच अरुंद होतो आणि घनता फुगते. उलट गप्पा मारत चाललात तर गवे आधीच आत सरकतात, आकडा पडतो. म्हणून रोज लंब अंतरांचा स्तंभालेख काढा. शून्यापाशी सुळका दिसला तर कोन तपासा, खड्डा दिसला तर चाल आणि आवाज. भरवशाच्या अंदाजाला किमान 60 ते 80 नोंदी लागतात.

तपकिरी म्हणजे मादी, हा ठोकताळाही सोडा. कोवळे नरही तपकिरीच असतात. शिंगांच्या बुडाची जाडी आणि खांद्याचा उंचवटा पाहा. खात्री नसेल तर 'अनिश्चित' असा रकाना ठेवा.

आता आकडे वाचताना. अंदाज 400 आणि प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे ते सांगणारा आकडा) 80 असेल, तर दोन्हीकडे तिच्या दुप्पट धरून खरी संख्या ढोबळमानाने 240 ते 560 मध्ये कुठेही असू शकते. पुढच्या वर्षी 440 आले म्हणून 'गवे 10 टक्के वाढले' अशी बातमी देऊ नका. वासरांच्या प्रमाणाचंही तसंच. 100 माद्यांमागे 40 वासरं होती आणि 20 माद्या मेल्या, तर तीच 40 वासरं शेकडा 50 दिसतात. प्रमाण सुधारलं, कळप आटला.