हळदीचा रंग वर येत नाही

बीएस्सी झालेली आपल्या सांगली-साताऱ्याकडची पोरं हल्ली विचारतात, "जिनच्या कंपनीत शिरायचं कसं?" जिन म्हणजे जुनिपर नावाच्या फळाच्या वासाची दारू. गोव्यातून 2017 मध्ये 'ग्रेटर दॅन' आली, 2018 मध्ये तिथूनच 'स्ट्रेंजर अँड सन्स' आली आणि त्याच वर्षी रॅडिको खेतान कंपनीची 'जैसलमेर' आली, तेव्हापासून या कामाला वलय आलंय. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, मग आपली जिन का नको, असं वाटणं साहजिक आहे. फक्त एक गोष्ट आधी शिका: भांडं तापल्यावर वर काय येतं आणि तळाशी काय राहतं.

साधारण पद्धत अशी. 96 टक्के अल्कोहोलचं ईएनए, म्हणजे स्वतःचा वास-चव नसलेला शुद्ध मद्यार्क, पाणी घालून सौम्य करायचं, त्यात जुनिपर, धणे आणि बाकीचा मसाला भिजवायचा, तांब्याच्या भांड्यात तापवून वाफ थंड करायची. गावाकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की डोळे चमकतात, इथे मात्र पहिली धार बाजूला काढतात. ते 'हेड'. मधला चांगला भाग, म्हणजे 'हार्ट', घ्यायचा आणि शेवटचा जड वासाचा भाग, म्हणजे 'टेल', सुरू व्हायच्या आत थांबायचं. मग पाणी घालून बहुतेकदा 42.8 टक्क्यांवर आणायचं, कारखान्याच्या भाषेत '25 यूपी', म्हणजे 25 अंडर प्रूफ, ताकद सांगायची जुनी पद्धत. जुनिपरचा वास पुढे नसेल तर बाकी काहीही घाला, ती जिन नव्हे.

आता यात हळद टाका. पिवळा रंग कुरकुमिनचा. ते वाफेबरोबर उडत नाही, सगळं तळाला बसतं आणि बाटलीत पाण्यासारखी स्वच्छ जिन येते. वास येतो, पण हळदीच्या वासातली मुख्य द्रव्यं जड असल्यामुळे उशिरा येतात, अगदी टेलच्या उंबरठ्यावर. लवकर थांबलात तर हळद गायब, उशीर केलात तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आत. हा क्षण ओळखता येणं हीच खरी नोकरी. शिवाय मार्केट यार्डातली हळद शिजवून वाळवलेली असते. काढणीच्या दिवसांत मिळणारी ओली हळद किसून शेजारी ठेवा, तिला आल्या-गाजराचा ताजा वास असतो, दोन वेगळे जिन्नस वाटतील. कोकमाचा रंग आणि आंबटपणाही खालीच राहतो, मिरचीचा तिखटपणाही. स्ट्रॉबेरी येते, पण तापल्यावर जॅमचा वास घेऊन. म्हणून लेबलवर गावाचं नाव घालायची घाई मला पटत नाही.

हे शिकायला दारू लागत नाही. घरी दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. पातेल्यात पाणी आणि हळद उकळा, वर झाकण ठेवा, झाकणाचे थेंब चमच्यात घ्या. रंग नाही, वास आहे. तेच धणे, वेलदोडे, लिंबाची साल घेऊन करा. मग डोळे मिटून ओळखा आणि वहीत शब्दांत लिहा. 'छान वास' लिहिलं असेल तर खोडा. न पिणाऱ्यांनाही या कामात अडचण नाही. नमुना पाण्याने पातळ करून हुंगतात, चाखला तरी थुंकतात.

शिक्षणाचं थोडक्यात: रसायनशास्त्र, मायक्रोबायोलॉजी किंवा केमिकल इंजिनिअरिंग चालतं. पुढे पुण्याजवळच्या मांजरी गावातली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट इथे अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाच्या अटी त्यांच्याकडूनच घ्या.

माझा रस्ता साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून, म्हणजे मद्यार्क गाळायच्या विभागातून गेला आणि आपल्याकडच्या मुलांना मी तोच सुचवेन. उसाच्या पट्ट्यात डिस्टिलऱ्या आहेत, गोव्याला जायच्या आधी काम इथेच शिकता येतं. मळी आंबवणं, गाळायचा उंच कॉलम चालवणं, रात्रपाळीत शिफ्ट केमिस्ट म्हणून अल्कोहोलची ताकद मोजताना तापमानाची दुरुस्ती लावणं, गॅस क्रोमॅटोग्राफ या तपासणी यंत्रावर मिथेनॉल आणि अल्डिहाइड ही नको असलेली द्रव्यं बघणं. स्पेंट वॉशचा, म्हणजे गाळल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा वास कपड्यांना लागतो, घरचे अंगणातच शर्ट काढायला लावतात. आमच्या आईने पाहुण्यांना बराच काळ "औषधाच्या कंपनीत आहे" असंच सांगितलं. लग्नाच्या बाजारात या नोकरीचा भाव पडतो हेही खरं, त्याला माझ्याकडे उतारा नाही.

जिनच्या छोट्या डिस्टिलरीत माणसं मोजकी, त्यामुळे सगळंच अंगावर येतं. सकाळी भांडं लावणारा माणूस दुपारी एक्साइजची, म्हणजे उत्पादन शुल्क खात्याची रजिस्टरं भरतो आणि संध्याकाळी बाटल्यांची बुचं तपासतो. आत आलेला, वापरलेला आणि घटलेला प्रत्येक लिटर कागदावर जुळावा लागतो. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून भांड्यापाशी मोबाइलसुद्धा नेऊ देत नाहीत.

अर्ज करताना कॉकटेलची आवड वगैरे लिहू नका. कोणती उपकरणं हाताळलीत, ताकद कशी मोजता, रजिस्टर भरलंय का, ते लिहा. मुलाखतीला वास नोंदवलेली वही सोबत न्या. "हळद कधी येते?" असं विचारलं, तर टेलच्या आधी कुठे थांबाल आणि का, ते सांगता आलं पाहिजे.