अडकलेलं ल्युअर सोडवायला शिशाचं वजन

मासेमारीचं ल्युअर (हुक लावलेलं नकली आमिष) तळाच्या दगडात किंवा बुडालेल्या फांदीत अडकलं की हात आधी रॉड जोरात ओढायला जातो. त्याने हुक आणखी रुततात आणि शेवटी दोरी तुटते. डब्यात एक जड शिसं आणि मोठा स्नॅप स्विव्हल (एका टोकाला उघड-बंद होणारी क्लिप म्हणजे स्नॅप, दुसऱ्या टोकाला फिरती कडी) ठेवा, बरीच ल्युअर परत येतील.

१. शिसं स्विव्हलच्या कडीला बांधा. ल्युअरच्या तिप्पट-चौपट वजनाचं हवं. हलकं शिसं नुसतं लोंबकळत राहतं.
२. होडी अडकलेल्या जागेच्या बरोबर वर आणा. दोरी जितकी उभी, तितकं काम सोपं. काठावरून दोरी आडवी राहते, त्यामुळे शिसं अर्ध्यात थांबतं. तिथे उंच जागा शोधा.
३. स्नॅप दोरीभोवती अडकवून बंद करा, दोरी ताठ धरा आणि शिसं सोडून द्या. लीडरची (ल्युअरला जोडलेल्या वेगळ्या दोरीच्या तुकड्याची) गाठ ओलांडायची असते, म्हणून स्नॅप मोठाच घ्या.
४. ते ल्युअरच्या तोंडावर आदळलं की दोरी जराशी ढिली करून रॉडचं टोक हलकेच वर-खाली करा. टोले ओढीच्या उलट दिशेने बसतात आणि हुक मागे सरकतो.

तोंडाला पट्टी असलेल्या, जाड अंगाच्या ल्युअरवर हे उत्तम चालतं. खडकाच्या फटीत घुसलेल्या जिगवर (वजनदार डोक्याच्या हुकवर) मला फारसं यश आलेलं नाही.

चष्मा घालाच, कारण सुटलेलं ल्युअर थेट तोंडाकडे येऊ शकतं. आणि ब्रेडेड (विणलेली) दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं.