एप्रिलच्या बर्फावर जाताय? बेळगावहून निघण्याआधी एवढं करा

चष्मा आधी बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. काळा, कडेनं उजेड आत येऊ न देणारा, मागं दोरी लावलेला. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र, लहान मुलालासुद्धा. मागच्या एप्रिलला मी चार स्वेटर नेले आणि चष्मा घरी फ्रिजवर राहिला. गुलमर्गच्या पाच दिवसांतले दोन दिवस मी पडदे ओढलेल्या खोलीत, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून काढले. यंदा टिळकवाडीतली दोन घरं मुलांची दहावी संपली की तिकडं स्की करायला, म्हणजे पायाला लांब पट्ट्या लावून बर्फावरून घसरायला, निघालीत. त्या घरांतल्या दोघींनीही काय काय न्यायचं म्हणून विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आपल्याकडची परीक्षा मार्चअखेर सुरू होऊन एप्रिलात संपते. त्यामुळं बेळगावची माणसं काश्मीरला पोचतात ती बर्फाचा हंगाम सरत आलेला असताना. तो बर्फ जानेवारीच्या फोटोंतला नसतो. थंडीत पडतो तो कोरडा, तांदळाच्या पिठीसारखा. एप्रिलचा दिवसा वितळतो, रात्री गोठतो, परत वितळतो. असं काही दिवस चाललं की वरच्या थराचे जोंधळ्यासारखे गोल दाणे होतात. स्की करणारे त्याला कॉर्न स्नो म्हणतात आणि त्याच्यासाठी मुद्दाम हंगामाच्या शेवटी येतात. स्की त्यावरून फार सुंदर जाते. पण दिवसातून दोन-तीन तासच. हे गणित आधी समजून घेतलं तर पैसे वसूल होतात, नाहीतर सकाळी काचेवर घसरायचं आणि दुपारी चिखलात रुतायचं.

सहा आठवडे आधीपासून पायांची तयारी हवी. रोज उठाबशा, आणि रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढून उतरा. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, कारण स्कीवर मांड्या उतरतानाच भरून येतात. दुपारचा ओला बर्फ जड असतो, स्की धरून ठेवतो. पाय अडकतो, अंग पुढं जातं आणि गुडघा पिळवटतो. माझ्या भावाचा गुडघा असाच थोडक्यात वाचला. पन्नाशीच्या पुढच्यांनी हे टाळू नये. रक्तदाब, दमा असेल तर डॉक्टरांना विचारून या. विमा काढणार असाल तर साहसी खेळ त्यात धरलेत का, ते वाचून घ्या.

पैसे भरण्याआधी हॉटेलवाल्याला फोन करून आजचा फोटो मागा. मागच्या महिन्याचा नको, आजचा. गुलमर्गचं पठार २,६५० मीटरच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये तिथले नवशिक्यांचे उतार ठिकठिकाणी उघडे पडतात, मधूनमधून गवत आणि चिखल दिसतो. खरा बर्फ वर असतो. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे ३,१०० मीटरच्या जवळपास, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० च्या आसपास. वरचा उतार नवशिक्याचा नव्हे. तेव्हा पहिल्यांदाच शिकायला निघाला असाल आणि खालचा बर्फ गेला असेल, तर तारखा अलीकडं आणा किंवा पुढच्या वर्षी जा. बर्फाचा भरवसा भर हंगामातही राहिलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला पुरेसा बर्फ नव्हता म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. एप्रिलमध्ये पाऊसही येतो. रद्द करता येईल असंच बुकिंग करा. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन, आधी काढा. वाऱ्यामुळं दुसरा टप्पा कधीही बंद होतो, म्हणून परतीच्या आदल्या दिवसावर तो ठेवू नका.

सांबऱ्याहून विमानानं दिल्ली किंवा गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, पुढं श्रीनगर, तिथून रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. फोन पोस्टपेड घ्या, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही. ओळखपत्र, रोकड, नेहमीच्या गोळ्या. हे सगळ्यांना माहीत असतं.

कपड्यांत आपली माणसं चुकतात ती जास्त नेऊन. एप्रिलमध्ये दुपारी उन्हात घाम येतो. जाड एक स्वेटर घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर घाला, म्हणजे एकेक काढता येतो. आतला थर सुती नको. सुती बनियन घामानं भिजलं की वाळत नाही आणि उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टवर वारा लागला की पाठ गारठते. जीन्स तर मुळीच नको. सगळ्यात बाहेरचं जॅकेट आणि पँट पाणी न शिरणारी हवी, कारण या दिवसांत पडलं की बर्फ झटकून टाकता येत नाही, भिजायला होतं. हातमोजे दोन जोड घ्या. एक जोड अकराच्या आत ओला होतोच. पायमोजे लांब, पातळ, आणि एका वेळी एकच जोड. दोन घातले की बुटात चुणी पडते आणि नडगी सोलवटते.

आता चष्मा. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत. गुलमर्गला सैन्याचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे. १९४८ साली ते स्की शिकवणारी शाळा म्हणूनच सुरू झालं. काकांनी तिथं शिक्षण घेतलंय, पुढं बर्फात नोकरीही केलीय. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते मला म्हणाले होते, "अगं, थंडी वाजतेय ते माणसाला कळतंय. ऊन लागतंय ते कळत न्हाई. चष्मा काढू नको बघ." मी हो म्हटलं, आणि सकाळच्या धांदलीत चष्मा फ्रिजवरच राहिला.

तिथं स्कीबरोबर भाड्यानं गॉगल मिळाला. सकाळी तो लावला. दुपारी एकला स्की परत केली तसा गॉगलही परत केला, आणि चारपर्यंत आम्ही कोंगडोरीला बर्फातच बसलो, चहा प्यायलो, भाच्याबरोबर बर्फाचे गोळे केले. आभाळावर पांढुरक्या ढगाचा पातळ पापुद्रा होता. ऊन भाजत नव्हतं, डोळे दिपत होते एवढंच. रात्री दहापर्यंत काही नाही. मग डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं झालं. मी चोळले. बाराच्या सुमाराला पापणी उघडेना, पाणी थांबेना, आणि बाथरूमचा दिवा लागला तर सुई टोचल्यासारखं होऊन मी ओरडले. भाऊ शेजारी बसून होता. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं आणि हे कायमचं आहे की काय, या भीतीनं मी त्याचा हात सोडला नाही. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, उन्हानं भाजलाय. त्वचा भाजते तसाच तो भाजतो, पण दुखायला लागतं सहा ते बारा तासांनी. म्हणून भाजत असताना कळत नाही. काका म्हणाले होते ते हेच.

याचं कारण साधं आहे. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. आपल्या माळावरचं गवत त्यातलं अगदी थोडं फेकतं. शिवाय दर हजार मीटर चढलं की हे किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. बेळगाव ७५० मीटरच्या घरात, अफरवट ३,९५० च्या. म्हणजे वरून तीसेक टक्के जास्त, आणि शिवाय खालूनही मारा. त्यात एप्रिलचं ऊन जानेवारीपेक्षा कितीतरी कडक. टोपीचा उपयोग वरून येणाऱ्यापुरता. पातळ ढग उजेड कमी करतात, हे किरण फारसे अडवत नाहीत. ढग आहेत म्हणून चष्मा काढू नका.

घेताना काच यूव्ही ४०० आहे का, म्हणजे अतिनील किरण अडवते का, ते बघा. उन्हासाठी श्रेणी ३ लागते. श्रेणी ४ त्याहून गडद, ती लावून गाडी चालवायची नसते. खडेबाजारात रस्त्यावर मिळणारा स्वस्त काळा चष्मा नेऊ नका. काच नुसती काळी असली आणि किरण अडवत नसली, तर अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. तो न लावलेला बरा. नंबर असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल आधी घालून बघावा. स्कीसाठी गॉगल आणि बाकी वेळेला चष्मा, दोन्ही लागतात. गॉगल आतून हातमोज्यानं पुसू नका, आतला लेप निघतो आणि मग तो सारखा धुकट होतो. धुकट झाला की माणूस काढून टाकतो. आणखी एक जादा चष्मा सामानात ठेवा, कारण कुणाचा तरी हरवणारच. आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटलंच तर चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, अंधारात बसा, थंड पट्टी ठेवा, डॉक्टरांना दाखवा. एक ते तीन दिवसांत बरं होतं. तोवर बर्फाकडं जायचं नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ५० चं. ऊन खालूनही येतं, म्हणून हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या बाजूला, कानामागं लावा. दर दोन तासांनी परत. ओठांचं मलम खिशात.

पोचल्या दिवशी वर जाऊ नका. बेळगावच्या उंचीवरून थेट चार हजार मीटरला गेलं की डोकं धरतं. एक दिवस गुलमर्गलाच फिरा, पाणी प्या. फिरताना चष्मा डोळ्यावर. त्याच दिवशी संध्याकाळी स्की आणि बूट बघून ठेवा, सकाळच्या गर्दीत दुकानदार हाताला लागेल ते देतो. बूट घालून नडग्या पुढं रेटून दहा मिनिटं उभं राहा. टाच उचलली तर बूट मोठा आहे. स्कीच्या लोखंडी कडेवर नखाची पाठ आडवी फिरवा. नखाचा बारीक पांढरा भुगा निघाला तर धार आहे. निघाला नाही तर दुसरी जोडी मागा, कारण सकाळचा गोठलेला बर्फ बोथट कडेला दाद देत नाही. स्कीच्या तळाला मेण उबदार बर्फाचं लावून घ्या. नाहीतर दुपारी ओल्यावर स्की एकदम थबकते आणि तुम्ही तोंडावर पडता.

दिवसाची वेळ. सकाळी आठला गडबड करून उपयोग नाही, बर्फ फरशीसारखा असतो. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. साधारण दहा ते बारा हा चांगला काळ. काठी टोचून बघा. वरचे दोन बोटं दाणेदार आणि खाली घट्ट लागलं की निघा. चालताना बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की त्या दिवसापुरतं स्कीइंग संपलं. तिथून पुढं ओल्या बर्फाची हिमस्खलनं होतात. रात्री आभाळ भरलेलं असेल तर बर्फ नीट गोठतच नाही, मग सकाळपासूनच धोका. हद्दीच्या दोरीच्या आतच राहा आणि गस्तवाल्यांनी उतार बंद केला तर वाद घालू नका. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे सैन्याचे जवान हिमस्खलनात गेले. ती तर सैन्यातली माणसं होती. आपण कोण?

मुलांसाठी प्रशिक्षक घ्या, दर आधी ठरवा. डब्याला कुंदा, चिवडा.

परतीला ओले मोजे, हातमोजे वेगळ्या पिशवीत. भाड्याच्या सामानाची अनामत आठवणीनं घ्या. स्की परत केली तरी डोळ्यावरचा चष्मा उतरवू नका, मुलांच्याही डोळ्यावर आहे का बघा, आणि गाडीचं दार लागेपर्यंत तिथंच राहू द्या.