सप्टेंबर तिमाहीच्या एकत्रित निकालांआधी लेखाधोरणांची तयारी

सहामाही ३० सप्टेंबरला संपते आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतला नियम ३३ सांगतो की ४५ दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत, निकाल शेअर बाजाराकडे गेले पाहिजेत. एकत्रित निकाल म्हणजे पालक कंपनी आणि तिच्या उपकंपन्या मिळून एकच हिशेब. दिवाळी याच मुदतीत येते. २०२६ साली तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे शेवटचा आठवडा हिशेबात धरूच नये. ऑडिट कमिटी आणि संचालक मंडळाची बैठक दिवाळीआधी घ्यायची की नंतर, हे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ठरवावं आणि तिथून मागे मोजत उपकंपन्यांना तारखा द्याव्यात. तारखांचं काम एवढंच. लेखाधोरणांच्या, म्हणजे कोणता व्यवहार हिशेबात कसा धरायचा याच्या नियमांच्या, तयारीला मात्र मनापासून वेळ द्यावा लागतो, आणि ती बहुतेक ठिकाणी ऑडिटरने प्रश्न विचारल्यावर सुरू होते.

आधी आपण नेमकं काय तयार करतोय ते स्पष्ट असू द्या. नियम ३३ खाली जातात ते ‘निकाल’: ठरावीक नमुन्यातलं नफा-तोटा पत्रक, सेगमेंटची (धंद्याच्या प्रत्येक विभागाची) माहिती, टिपा आणि सहामाहीला सोबत ताळेबंद व रोख प्रवाह. त्यातली नोंद आणि मोजमाप इंड एएस ३४ च्या (भारतीय लेखामानकांपैकी अंतरिम, म्हणजे वर्षाच्या मधल्या, हिशेबांच्या मानकाच्या) तत्त्वांनी होतं, पण त्या मानकाला हवे असलेले सगळे खुलासे त्यात नसतात. क्यूआयपी (मोठ्या गुंतवणूक संस्थांना शेअर विकून भांडवल उभारणं) यासारख्या कारणासाठी संपूर्ण संक्षिप्त अंतरिम विवरणं लागणार असतील, तर इक्विटीतल्या बदलांचं पत्रक आणि निवडक टिपांचं काम वेगळं धरून माणसं आत्ताच नेमावीत. तुलनेचे आकडेही तपासून घ्या. ताळेबंदाची तुलना मागच्या ३१ मार्चशी होते, मागच्या सप्टेंबरशी नाही.

आता धोरणांची फाईल उघडा. इंड एएस ३४ चा गाभा असा की वार्षिक हिशेबाला जी धोरणं, तीच अंतरिमला. आणि वर्षातून किती वेळा आकडे जाहीर केले यावरून वर्षाचा निकाल बदलता कामा नये. मोजमाप वर्षाच्या सुरुवातीपासून आजच्या तारखेपर्यंतचं करायचं. कामात मी याचा साधा नियम करून ठेवला आहे: जी नोंद ३१ मार्चला टिकली नसती, ती ३० सप्टेंबरलाही टिकत नाही. ‘वर्षअखेरीस जुळून येईल’ हे वाक्य कुठल्याही वर्किंगमध्ये (आकडेमोडीच्या कागदात) दिसलं की तिथे थांबून पाहावं.

हंगामी धंद्यात हे वाक्य हमखास भेटतं. महाराष्ट्रातले बरेच साखर कारखाने सहकारी आहेत, त्यांना हा नियम ३३ लागत नाही. पण लिस्टेड खासगी साखर कंपन्यांना लागतो. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जून आणि सप्टेंबर या दोन तिमाहींत गाळप बंद, मशिनरी उघडलेली, मिलच्या रोलरपासून बॉयलरच्या ट्यूबपर्यंत दुरुस्ती चालू, पगार चालू. हा खर्च पुढच्या हंगामासाठीच आहे, म्हणून तो डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावा असं कुणालाही वाटेल. पण ३१ मार्चच्या ताळेबंदात जो खर्च मालमत्ता म्हणून उभा राहू शकत नाही, तो अंतरिम ताळेबंदातही राहत नाही. भांडवली स्वरूपाचा भाग असेल तो मालमत्तेत जाईल, बाकीचा त्याच तिमाहीत. उलट बाजूही तितकीच पक्की: पुढे होणाऱ्या ओव्हरहॉलिंगची तरतूद चांगल्या तिमाहीत आधीच करून ठेवता येत नाही, कारण आज तसं कुठलंही बंधन कंपनीवर आलेलं नाही. उत्पादनाच्या ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातले फरक वर्षअखेरपर्यंत भरून निघतील म्हणून अडकवून ठेवणंही मानकाला मान्य नाही. यामुळे सप्टेंबरचा आकडा लाल दिसला तर दिसू द्यावा. गुंतवणूकदाराला समजावायचा मार्ग टिपेत आहे: धंदा हंगामी असल्याचं सांगायचं आणि हवं तर मागच्या बारा महिन्यांचे आकडे सोबत द्यायचे. सेबीच्या नियमावलीतच ती सोय आहे.

स्टॉक (शिल्लक माल) आणि गुडविल (कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) यांची तपासणी एकाच दिवशी लावा, कारण त्यांचे नियम उलट दिशेने जातात आणि नवीन माणसाची तिथेच गल्लत होते. जूनमध्ये साखरेचा भाव पडला म्हणून स्टॉकची किंमत खाली आणली आणि सप्टेंबरपर्यंत त्याच स्टॉकचा भाव सुधारला, तर ती घट परत फिरवता येते. गुडविलचं इम्पेअरमेंट (मूल्यातली घट) जूनमध्ये एकदा नोंदवलं की सप्टेंबरमध्ये परिस्थिती कितीही पालटली तरी ते परत येत नाही. इंड एएस ३४ च्या परिशिष्ट अ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून गुडविलच्या बाबतीत निदान घटीच्या खुणा तपासल्याची लेखी नोंद दर तिमाहीला हवी. सविस्तर चाचणी वर्षातून एकदाच होत असली तरी बाजारभाव, व्याजदर, हातातून गेलेला मोठा ग्राहक यांकडे दर वेळी पाहावंच लागतं.

करासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. बाकीचं सगळं आजच्या तारखेला वर्ष संपल्यासारखं मोजायचं, पण कराचा दर काढायला संपूर्ण वर्षाकडे पाहावं लागतं. समजा एप्रिल-जूनचा निकाल काढताना वर्षाचा करपूर्व नफा १०० कोटी अपेक्षित होता आणि त्यात २ कोटी सीएसआर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा) खर्च होता, जो आयकरात वजा मिळत नाही. २५.१६८ टक्के दराने १०२ कोटींवर कर येतो २५.६७ कोटी, म्हणजे प्रभावी दर २५.६७ टक्के. जूनचा नफा १० कोटी, त्यावर कर २.५७ कोटी. सप्टेंबरपर्यंत मागणी घटली आणि वर्षाचा अंदाज ४० कोटींवर आला. आता कर ४२ कोटींवर, १०.५७ कोटी, आणि दर २६.४३ टक्के. सहामाहीचा नफा १८ कोटी असेल तर एकूण कर ४.७६ कोटी, त्यातून जूनचे २.५७ वजा केल्यावर सप्टेंबरच्या वाट्याला २.१९ कोटी येतात. या तिमाहीच्या ८ कोटींवर हा दर २७ टक्क्यांच्या वर जातो. संचालक हा आकडा बघून नक्की विचारतील, तेव्हा हे अर्ध्या पानाचं वर्किंग जोडूनच ठेवा. समूहात परदेशी कंपन्या असतील तर शक्य तिथे प्रत्येक देशाचा दर वेगळा काढायचा. तोट्यातल्या उपकंपनीवर डिफर्ड टॅक्स मालमत्ता (तोट्यामुळे पुढे वाचणारा कर) मांडलेली नसेल, तर तिचा तोटा सरसकट दरात मिसळल्यावर एकत्रित कर चुकतो.

आता उपकंपन्यांकडे. एकत्रित हिशेबांचं मानक इंड एएस ११० याला समूहभर एकसारखी धोरणं हवीत, आणि ती जुळवायची जबाबदारी पालक कंपनीची. प्रत्येक उपकंपनीला सप्टेंबरच्या मध्यालाच सूचनापत्र पाठवून तिच्या स्थानिक पुस्तकांत काय वेगळं आहे ते लेखी मागवा. भारतातल्या उपकंपन्या बहुधा इंड एएसवरच असतात, तिथे अडचण कमी. परदेशातली कंपनी आयएफआरएसवर (आंतरराष्ट्रीय लेखामानकांवर) आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी (भाड्यासाठी किंवा भाववाढीसाठी ठेवलेली जागा) तिथे फेअर व्हॅल्यूवर, म्हणजे चालू बाजारमूल्यावर, ठेवायची मुभा आहे, आपल्या इंड एएस ४० मध्ये फक्त मूळ खर्चाची पद्धत चालते. म्हणजे तिची मूल्यवाढ उलटवून घसारा लावावा लागतो. अमेरिकेतली कंपनी स्टॉकला लिफो (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) लावत असेल तर तेही बदलावं लागतं. मात्र उपयुक्त आयुष्यातला फरक धोरणात मोजू नका. पुण्यातल्या आणि थंड, कोरड्या हवेच्या गावातल्या यंत्राचं आयुष्य वेगळं असू शकतं, तो अंदाजाचा भाग आहे, आणि तो ओढून सारखा केला तर हिशेब उलट बिघडतो.

कुणाचं तिमाही कॅलेंडर वेगळं असेल तर तीन महिन्यांपर्यंतचं अंतर चालतं, पण मधल्या काळातल्या मोठ्या घटनांची दुरुस्ती करायची आणि ते अंतर दर वेळी तेवढंच ठेवायचं. परकीय चलनासाठी सरासरी आणि अखेरच्या दिवसाचे दर मुख्य कार्यालयानेच सगळ्यांना पाठवावेत. तुर्कस्तान किंवा अर्जेंटिनात कंपनी असेल तर तिथे अतिमहागाईचं मानक लागतं आणि साधं रूपांतर पुरत नाही. समूहांतर्गत शिल्लक रकमा सप्टेंबर संपण्याआधीच एकमेकांशी जुळवून घ्या. समूहातच विकलेल्या आणि अजून बाहेर न गेलेल्या मालावरचा नफा वजा करायला नेमका हाच ताळमेळ लागतो. वर्षभरात एखादी कंपनी विकत घेतली असेल, तर खरेदी किमतीची विभागणी अजून तात्पुरती आहे का ते टिपेत लिहा. तात्पुरती मुदत अधिग्रहणापासून जास्तीत जास्त एक वर्ष.

कर्मचारी लाभांसाठी दर तिमाहीला ॲक्च्युअरीचा (अशा भावी देण्यांचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाचा) नवा अहवाल लागत नाही. मार्चच्या गृहीतकांवर पुढे जाता येतं, मोठे बदल तेवढे धरून. मोठा बदल म्हणजे काय, ते २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. वेतनाची व्याख्या बदलली, ग्रॅच्युइटीचा बोजा वाढला, आणि मागच्या सेवेपोटीचा वाढीव खर्च पुढच्या तिमाहींत पसरवायला जागा उरली नाही. दिवाळी बोनसचंही पाहा: कायद्याने किंवा वर्षानुवर्षांच्या प्रथेने बंधन आलेलं असेल आणि रक्कम नीट काढता येत असेल, तरच तरतूद, व्यवस्थापनाच्या नुसत्या इच्छेवर नाही.

एखादं धोरण स्वेच्छेने बदलायचं असेल तर माझा आग्रह असा की सप्टेंबरमध्ये बदलू नका. बदललं तर याच वर्षाची जून तिमाहीही नव्या धोरणाने पुन्हा मांडावी लागते आणि मागच्या वर्षीचे आकडेही, कारण एका आर्थिक वर्षात एकाच प्रकारच्या व्यवहाराला दोन धोरणं ठेवता येत नाहीत. नवीन मानकं बहुधा १ एप्रिलपासून लागतात, तेव्हा तो तपास जूनलाच झालेला असायला हवा. सप्टेंबरला फक्त खात्री.

लिमिटेड रिव्ह्यूसाठी (ऑडिटपेक्षा मर्यादित तपासणीसाठी) ऑडिटरला या सगळ्या निर्णयांचे मेमो ट्रायल बॅलन्ससोबतच (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीसोबतच) द्या. एकत्रित उत्पन्न, मालमत्ता आणि नफा या तिन्हींचा प्रत्येकी किमान ८० टक्के भाग ऑडिट किंवा रिव्ह्यूखाली आला पाहिजे. उत्पन्नावर कसोटी जमली म्हणून नफ्यावर जमेलच असं नाही, म्हणून तिन्ही आकडे आधीच काढून पाहा. एखादी लहान पण नफ्याची कंपनी ऐनवेळी रिव्ह्यूत घ्यावी लागते. मंडळापुढे निकाल ठेवताना सीईओ आणि सीएफओ यांचं प्रमाणपत्र लागतं, त्यांना मसुदा निदान दोन दिवस आधी हातात पडू द्या. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते (आतली माहिती असलेल्यांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत), याची आठवण उपकंपन्यांत आकडे हाताळणाऱ्या मुलामुलींनाही द्या. त्यांना ती कुणी देत नाही.

निकाल अपलोड झाल्यावर सप्टेंबरमध्ये केलेल्या प्रत्येक मोठ्या अंदाजाची यादी एका कागदावर उतरवून ठेवा: कोणत्या येणे रकमेवर किती तरतूद, कोणत्या दाव्यावर किती, कराचा दर कशावर. जानेवारी-मार्चची तिमाही स्वतंत्रपणे मोजली जात नाही. संपूर्ण वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यांतून नऊ महिने वजा केल्यावर उरतं तेच तिथे छापलं जातं, त्यामुळे या यादीतला प्रत्येक फरक तिथे येऊन पडतो.